सोसायटीच्या ॲपमधलं 'ठराव' बटण: पाचपैकी तीन स्टार, तेही पावत्यांसाठी

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीने एक ॲप घेतलं. नाव लिहीत नाही. माणसं भली आहेत आणि मला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही. फ्लॅटमागे महिना १५ रुपये, आमचे फ्लॅट ४२, म्हणजे वर्षाचे ७,५६० आणि वर १८ टक्के जीएसटी धरून ८,९२१. मुलुंड पूर्वेला सात मजल्यांची जुनी इमारत आहे आमची. मी तिची मानद सचिव. बँकेत एकतीस वर्षं काढून निवृत्त झाले, आणि 'तुम्हाला आता काय, वेळच वेळ' एवढ्या एका वाक्यावर सोसायटीने मला बिनविरोध निवडून दिलं.

आधी चांगलं ते सांगते. मेंटेनन्सची बिलं एक तारखेला प्रत्येकाच्या मेलवर पडतात, पैसे आले की पावती आपोआप जाते. पूर्वी मी वॉचमनच्या हातात ४२ लिफाफे द्यायचे, त्यातले चार हमखास 'मिळालेच नाहीत'. आता नोटीस कोणी, कधी, किती वाजता उघडली हे मला दिसतं. मेलवर नोटीस द्यायची सोय आमच्या उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नोंदणीकृत नियमावलीत, आहे, सभासदाने आपला मेल सोसायटीत नोंदवलेला असला की झालं. त्यामुळे 'मला नोटीसच आली नाही' हा वार्षिक सभेतला नांदीचा प्रवेश बंद पडला. तक्रारींचं पानही बरं आहे. लोक फोटो टाकतात, प्लंबर आला-गेला ते लिहितात, मला रात्री साडेदहाला बेल वाजवत नाहीत. एवढ्यासाठी तीन स्टार, आनंदाने.

उरलेले दोन 'ठराव' नावाच्या बटणाने खाल्ले.

ते बटण असं चालतं. सचिवाने प्रस्ताव टाइप करायचा, कोटेशन वगैरे जोडायचं आणि पाठवायचं. कमिटीतल्या प्रत्येकाला मेल जातो. मेलखाली हिरवं 'मंजूर' आणि लाल 'नामंजूर'. निम्म्याहून अधिक हिरवे झाले की मतदान तिथेच बंद, आणि दोन मिनिटांत सुबक पीडीएफ तयार: 'असे सर्वानुमते/बहुमताने ठरविण्यात आले की...' वर सोसायटीचं नाव, नोंदणी क्रमांक, खाली सचिवाची जागा. डेमोला आलेल्या मुलीने हे दाखवलं तेव्हा आमच्या कमिटीच्या चेहऱ्यावर चतुर्थीला चंद्र दिसल्यासारखा भाव होता.

आता तो भाव का, हेही समजून घ्या. कमिटी नऊ जणांची. जागा अकरा, पण दोन राखीव जागांवर कोणी उभंच राहिलं नाही. नऊपैकी एक जण बीकेसीतून साडेनऊला घरी पोचतो, एकाची विमानतळावर रात्रपाळी, एक बाई ठाण्याला क्लास घेतात. महिन्यातून एक सभा तर घ्यावीच लागते, तीही तीन पूर्ण दिवसांची नोटीस देऊन. ती आम्ही मीटररूमशेजारच्या दहा बाय बाराच्या ऑफिसात रात्री नऊला घ्यायचो. सहा खुर्च्या, एक स्टूल, बाकीचे उभे. जेवणं खोळंबलेली. अशा वेळी कोणी म्हटलं, लोकलमध्ये उभ्याउभ्या बटण दाबा आणि मोकळे व्हा, तर नाही कोण म्हणेल?

पहिल्यांदा ते बटण वापरलं तेव्हा त्याने लाजच राखली. एप्रिलमध्ये रात्री अकराला पाण्याच्या पंपाची मोटर जळली. वरची टाकी अर्धी, सकाळी सहाला पाणी संपणार हे नक्की. इलेक्ट्रिशियनने रिवाइंडिंगचे आणि तोवर भाड्याच्या पंपाचे मिळून ११,४०० सांगितले. मी मेल टाकला, पाऊण तासात पाच हिरवे. खरं तर इतक्या खर्चाला कोणाला विचारायचीही गरज नव्हती, दुरुस्तीवर आमच्या कमिटीला ५०,०००पर्यंतचा अधिकार आहे आणि पाणी तोडून सभेची वाट बघत बसा असं कुठलाच उपविधी सांगत नाही. करायचं, आणि पुढच्या सभेत कार्योत्तर मंजुरी घ्यायची. तशी ती घेतली, इतिवृत्तात लिहिली, विषय संपला. पण आम्हाला वाटलं, वा, चालतं की हे!

मग आली गच्ची.

सातव्या मजल्यावरच्या तीन फ्लॅटच्या छताला ओल होती. वार्षिक सभेने वॉटरप्रूफिंगला आणि त्याच्या बजेटला मंजुरी दिलेली होती, कंत्राटदार तेवढा कमिटीने ठरवायचा होता. तीन कोटेशनं आली: ६,८२,०००, ७,३५,००० आणि ८,१०,०००. तारीख १४ मे. मुंबईत पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, काम तीन आठवड्यांचं, म्हणजे हातात एक दिवसही जादा नाही. मी तिन्ही कोटेशनं जोडली, 'सर्वात कमी दराचे स्वीकारावे' असा प्रस्ताव टाइप केला आणि सकाळी अकरा वाजता पाठवला. एक वाजून दहा मिनिटांनी पाचवा हिरवा पडला. मतदान बंद. पीडीएफ तयार. मी कौतुकाने ती कंत्राटदाराला पाठवलीसुद्धा.

पावणेतीनला खजिनदारांचा मेल आला. बिचाऱ्यांनी बटण दाबलं नव्हतं, आधी कोटेशनं वाचली होती. ६,८२,००० वाल्याच्या तिसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात होतं, जीएसटी वेगळा. १८ टक्क्यांनी १,२२,७६०. बेरीज ८,०४,७६०. आणि गच्चीवरचा जुना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) फोडून निघणारं डेब्रिज, म्हणजे राडारोडा, उचलणं 'सोसायटीकडे'. ७,३५,००० वाल्याने जीएसटी आणि डेब्रिज दोन्ही धरलं होतं. म्हणजे आम्ही सर्वात स्वस्त म्हणून जो निवडला तो डेब्रिजचा ट्रक सोडूनसुद्धा ६९,७६० रुपयांनी महाग होता. एकतीस वर्षं मी लोकांची तारण-कागदपत्रं वाचली आणि हे पान माझ्याकडूनही उलटलं गेलं. दुसऱ्याला दोष द्यायचा तर आधी हा कबूल करायला हवा.

ॲपमध्ये खजिनदारांच्या मेलला जागाच नव्हती. मतदान बंद झाल्यामुळे त्यांचं मत 'नोंदवता येत नाही' असा उलट मेल त्यांना आला. ते भडकले, आणि बरोबर भडकले. मला फोन करून म्हणाले, "ताई, सभेत मी हे पान सगळ्यांसमोर वाचलं असतं की नाही? मग पाच हात वर झाले असते का?"

मी गप्प. नसतेच झाले.

त्याच संध्याकाळी दुसरं प्रकरण उघड झालं. ३०२ मधले काका कमिटीत आहेत, वय ८३, सोसायटीचे मूळ सभासद. जिन्यात भेटले तेव्हा मी म्हटलं, काका, तुम्ही सकाळी पहिला हिरवा दिलात. काका म्हणाले, "कसला हिरवा?" त्यांचा मेल त्यांच्या पुण्याच्या मुलाने काढून दिलेला, तो मुलाच्याच फोनवर उघडतो. मुलाला वाटलं बाबांचं काहीतरी बिल आहे, त्याने 'मंजूर' दाबलं. सहकारात मत ज्याचं त्याने द्यायचं, प्रॉक्सी चालत नाही, हे सोसायटीत कोणालाही विचारा. आणि इथे गच्चीचं पावणेसात लाखांचं कंत्राट हिंजवडीच्या कुठल्याशा कँटीनमधून मंजूर झालेलं! व्हॉट्सॲपवर अंगठे दाखवणाऱ्यांना मी अंगठेबहाद्दर म्हणायचे. इथे तर अंगठाही दुसऱ्याचा.

तिसरं टोक ७०२ मधल्या बाईंनी धरलं. छत त्यांचंच गळतं, त्यामुळे त्यांचा प्रश्न साधा होता: कंत्राटदार कोणत्या सभेत ठरला ते इतिवृत्त दाखवा. कमिटीच्या सभांची इतिवृत्तं बघण्याचा हक्क सभासदाला कायद्यानेच आहे. मी पीडीएफ पुढे केली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'सभेचा दिनांक: लागू नाही.' ॲपने ती ओळ स्वतःच भरली होती. हजर सभासद: लागू नाही. सभेचे स्थळ: लागू नाही. बाई म्हणाल्या, "मग ठराव तरी कसा लागू?" यावर काय बोलणार! मी बँकेत असताना एखाद्या सोसायटीने असला ठराव आणला असता, तर मीच काउंटरवरून परत केला असता. खातं असो की सह्यांचा बदल, आम्ही पहिल्यांदा बघायचो ते सभेची तारीख आणि ठराव क्रमांक. ॲडव्हान्सच्या चेकवर दोन सह्या लागतात. खजिनदारांनी पेन खिशातून काढलंच नाही.

यानंतर चार दिवस सोसायटीत जो वाद झाला तो सांगते, कारण हाच वाद मुंबईतल्या प्रत्येक दुसऱ्या बिल्डिंगमध्ये चालू असणार.

आमचे चेअरमन पेशाने कंपनी सेक्रेटरी. त्यांचं म्हणणं, कंपनी कायदा २०१३च्या कलम १७५मध्ये संचालकांना सभा न घेता, कागद फिरवून ठराव करता येतो, मसुदा मेलने पाठवता येतो, मग आपल्यालाच काय धाड भरली आहे? मुद्दा खोटा नाही. पण ते कलम त्यांनीच मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. एक तृतीयांश संचालकांनी 'हे सभेतच घ्या' म्हटलं की ते सभेत न्यावंच लागतं. आणि फिरवून केलेला ठराव पुढच्या सभेत नोंदवावा लागतो. आमच्या ॲपमध्ये हिरवं आहे, लाल आहे, पण 'सभेत घ्या' असं तिसरं बटण नाहीच. म्हणजे ज्या कायद्याची उसनवारी करायची तोसुद्धा ॲपने अर्धाच घेतलेला. आणि मुळात सोसायटी ही कंपनी नव्हे. आपण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०खाली आणि आपल्या नोंदणीकृत उपविधींखाली चालतो. आमचे उपविधी मी दोनदा पालथे घातले. कमिटीचा कारभार जिथे जिथे येतो तिथे शब्द एकच: सभा. सभेची नोटीस, सभेची गणपूर्ती (कोरम), सभेत बहुमत, मतं समसमान झाली तर अध्यक्षांचं निर्णायक मत, सभेचं इतिवृत्त. फिरवून ठराव करण्याबद्दल एक ओळ नाही. जे उपविधीत नाही ते बटण दाबून येत नाही, असं माझं मत झालं आणि ते आजही कायम आहे. काही इमारती सोसायटी नसून १९७०च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या काँडोमिनियम असतात. त्यांनी आपली घोषणापत्रं आणि उपविधी बघावेत, माझं बोलणं त्यांना जसंच्या तसं लावू नये.

ॲपच्या विक्री प्रतिनिधीला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, आयटी ॲक्ट २००० प्रमाणे इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड पूर्ण व्हॅलिड आहे." पोरगा हुशार, पण पाठ केलेलं बोलत होता. रेकॉर्ड वैध असेल, कोण नाही म्हणतंय? ते रेकॉर्ड एवढंच सिद्ध करतं की पाच फोनवरून पाच वेळा बटण दाबलं गेलं. कमिटी बसली होती, हे त्यातून कुठे सिद्ध होतं? कोविडच्या काळात सहकार खात्याने व्हिडिओवर सभा घ्यायला मुभा दिली तेव्हा आम्हीही त्या घेतल्या. कोणाचा माइक बंद, कोणाच्या मागे कुकरची शिट्टी. पण तिथे खजिनदार 'थांबा, तिसरं पान बघा' म्हणू शकत होते आणि आठ जणांना ते ऐकू येत होतं. मेलमध्ये ते होत नाही. तिथे प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा मत देतो, आणि दुसऱ्याची हरकत त्याला मत देऊन झाल्यावर वाचायला मिळते.

चेअरमनच्या बाजूने असलेल्या एका तरुण सदस्याने मग वेगळाच सूर लावला: आपण मागासलेले, अमेरिकेत सगळं मेलवर होतं. योगायोगाने माझा भाचा कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो आणि तिथल्या त्याच्या वसाहतीच्या घरमालक संघाच्या बोर्डावर आहे. रविवारी सकाळी स्पीकरवर लावला. तो हसायलाच लागला. "मावशी, आम्हाला तर स्पष्ट बंदी आहे!" तिथल्या सिव्हिल कोडच्या कलम ४९१०मध्येच लिहिलंय की बोर्डाने सभेबाहेर कोणत्याही विषयावर कृती करायची नाही, आणि ई-मेलच्या मालिकेतून सभा चालवायची नाही. अपवाद एकच, आणीबाणीची सभा. तीही बोर्डावरच्या प्रत्येकाने लेखी संमती दिली तर, आणि त्या संमत्या इतिवृत्तासोबत ठेवायच्या. कारण तिकडे बोर्डाच्या सभेला साध्या घरमालकालाही येऊन बसता येतं. चार दिवस आधी विषयपत्रिका लावावी लागते. मेलवर निर्णय झाला की तो माणूस बाहेरच राहिला. फ्लोरिडातही बोर्डाच्या लोकांनी मेलवर बोलायला हरकत नाही, मत मात्र मेलवर द्यायचं नाही. म्हणजे आमची पंपाची रात्र तिकडच्या आणीबाणीच्या खिडकीतून कदाचित आत आली असती. गच्ची नक्कीच नाही. तरुण सदस्याने फोन ठेवल्यावर "इंटरेस्टिंग" म्हटलं आणि विषय सोडला. हेही नसे थोडके.

मला स्वतःला कलमांपेक्षा एका गोष्टीने हलवलं. आपल्याकडे कमिटीच्या निर्णयाला सदस्य एकत्रित आणि व्यक्तिशः जबाबदार असतात. निवडून आल्यावर मी हे सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. उद्या ६९,७६० रुपयांचा खड्डा कोणी भरायचा म्हटलं, तर तो ३०२च्या काकांच्या पेन्शनीतूनही भरायचा. ज्यांनी मेलच उघडला नव्हता त्यांच्या.

शेवटी काय केलं? १८ मेला नोटीस काढली (ॲपवरूनच, आणि दहा मिनिटांत आठ जणांनी उघडलेली दिसली, हे त्याचं श्रेय). तीन पूर्ण दिवस सोडून २२ मेला रात्री नऊला सभा. सात जण हजर. चेअरमनच्या घरून कांदेपोहे आले, नाक्यावरून कटिंग. तिन्ही कोटेशनांचा तक्ता खजिनदारांनी एका वहीच्या पानावर मांडला होता: मूळ रक्कम, जीएसटी, डेब्रिज, गॅरंटी किती वर्षं आणि कशाची. चाळीस मिनिटं चर्चा झाली. त्यात एक गोष्ट निघाली जी मेलमध्ये जन्मात निघाली नसती: विमानतळावरच्या सदस्याने विचारलं, पाणी साठवून गच्चीची चाचणी किती दिवस करणार? ७,३५,००० वाल्याला तिथूनच फोन लावला, त्याने सात दिवस मान्य केलं, ते ठरावात लिहिलं. १४ मेची कार्यवाही ग्राह्य धरू नये, असाही ठराव केला. काकांनी स्वतःच्या हाताने हजेरीपुस्तकात सही केली आणि मुलाला फोन करून झापलं, तेही सभेतच. ६,८२,००० वाल्याला पाठवलेला मेल मला परत घ्यावा लागला तेव्हा त्याने मला जे सुनावलं ते त्याच्या जागी योग्यच होतं. काम ५ जूनला सुरू झालं, निम्म्यात पाऊस आला, ताडपत्री घालून पूर्ण केलं. या घाईला ॲप जबाबदार नाही, कोटेशनं उशिरा मागवणारी मी जबाबदार.

आता ॲप घ्यायचं की नाही असं मला लोक विचारतात, विशेषतः शेजारच्या दोन सोसायट्यांचे सचिव. घ्या. नोटिसा, बिलं, पावत्या, कागद फिरवणं, सभेआधी सगळ्यांची मतं चाचपणं, इतिवृत्ताचा मसुदा दुरुस्तीसाठी पाठवणं, यासाठी हे उत्तम आहे. आमच्या सभा पूर्वी दोन तास चालायच्या, आता कागद आधीच वाचलेले असतात म्हणून तासात आटोपतात. हा फायदा मेलचाच आहे आणि तो मी नाकारणार नाही. पण 'ठराव' हे बटण सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. आमच्याकडे ते सेटिंग सापडायला तीन फोन लागले. पहिल्या फोनवर 'हे आमचं मुख्य फीचर आहे' हे उत्तर, दुसऱ्यावर संगीत, तिसऱ्यावर एका शांत मुलाने दोन मिनिटांत बंद करून दिलं. त्याला मी आणखी एक सुचवलं: त्या बटणाचं नाव 'विचारणा' करा, आणि 'लागू नाही' छापणं बंद करा. त्याने 'फीडबॅक नोंदवला' म्हटलं. अजून बदल झालेला दिसत नाही.

आणि ज्यांना मेलवरच निर्णय हवेत त्यांनी आधी उपविधींची दुरुस्ती सर्वसाधारण सभेपुढे न्यावी आणि निबंधकांची मंजुरी मिळते का ते बघावं. मिळाली तर करा. पुनर्विकासाच्या बाबतीत मात्र स्वप्नातही असले बेत करू नका. त्यासाठी शासनाचे ४ जुलै २०१९चे निर्देश आहेत. तिथे सभेचं चित्रीकरणसुद्धा करावं लागतं. लाल-हिरव्या बटणांना तिथे कोण विचारतो?

ऑगस्टमध्ये वर्ष पुरं होतंय, नूतनीकरणाचा मेल आला आहे. खाली हिरवं बटण आहे, 'आत्ताच मंजूर करा, दहा टक्के सवलत'. मी तो विषय येत्या कमिटी सभेच्या विषयपत्रिकेवर घेतलाय, विषय क्रमांक ४. सभा शनिवारी, रात्री नऊला. खजिनदार दराचा तक्ता घेऊन येणार आहेत.